विद्यार्थी संघाचा इतिहास लिहायचा असेल तर

आमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाची पन्नाशी जवळ आली, तेव्हा त्याचा इतिहास लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी त्या संघाची एक वर्ष सचिव होते, एवढीच माझी पात्रता. कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडलं तर वरच्या तीन फळ्यांवर करंडक, खालच्या फळीवर बॅनरची गुंडाळी आणि तिच्यामागे इतिवृत्ताच्या चार वह्या. महिन्याला एक बैठक धरली तरी पन्नास वर्षांत सहाशे बैठका होतात. त्यातल्या जेमतेम सत्तर बैठकांचं इतिवृत्त माझ्या हातात होतं.

बाकीचं शोधण्यात दोन वर्षं गेली. तुमच्या विद्यापीठाच्या संघाचा, परिषदेचा किंवा मंडळाचा इतिहास लिहायचं तुमच्या मनात असेल, तर त्या दोन वर्षांत जे करून कळलं ते सांगते.

आधी नावाचा गुंता सोडवा

‘युनियन’ हा एकच शब्द निरनिराळ्या संस्थांना लागतो. केंब्रिज युनियन १८१५ची, ऑक्सफर्ड युनियन १८२३ची, पण या दोन्ही मुळात वादविवाद सभा. सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने विद्यापीठाशी बोलणारी, निवडून आलेली संस्था ही वेगळी गोष्ट. एडिंबरा विद्यापीठात १८८४मध्ये रॉबर्ट फिट्झरॉय बेल या विद्यार्थ्याने प्रतिनिधी परिषद उभी केली. स्ट्रासबुर्गला त्याने तशी परिषद पाहिली होती. पाचच वर्षांनी, १८८९च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या विद्यापीठांच्या अशा परिषदांना मान्यता दिली. तिसरा प्रकार म्हणजे देशभरातल्या संघांचा महासंघ: फ्रान्समध्ये १९०७ साली, ब्रिटनमध्ये १९२२ साली झाला तसा. आणि चौथा प्रकार, एका विचाराने बांधलेली विद्यार्थी संघटना. १२ ऑगस्ट १९३६ रोजी लखनौला स्थापन झालेली ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन त्यातली. तिच्या अधिवेशनाचं उद्घाटन नेहरूंनी केलं आणि अध्यक्षस्थानी जिना होते.

हे चार प्रकार कागदांत एकमेकांत मिसळलेले असतात. संघाच्या अध्यक्षाने संघटनेच्या पत्रकावर सही केलेली असते, संघटनेच्या मोर्चाचा खर्च संघाच्या व्हाउचरवर पडलेला असतो. कुठलंही काम नोंदवताना ते नेमकं कुणाच्या नावाने झालं, हे आधी ठरवा. मी सुरुवातीला हे केलं नाही आणि तीन महिन्यांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.

‘प्रतिनिधी’ या शब्दाकडेही नीट बघा. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गप्रतिनिधी परीक्षेतल्या गुणांवर ठरू लागले. पुढे २०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. कागदावर दोन्हीकडे ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ असंच लिहिलेलं. पण एकाला वर्गाने मतं दिलेली असतात आणि दुसऱ्याला गुणपत्रिकेने बसवलेलं असतं. दोघांनी एकाच मुद्द्यावर वेगळी भूमिका का घेतली, याचं उत्तर पुष्कळदा इथे मिळतं. म्हणून पहिल्या आठवड्यात बाकी काही करू नका. संघाच्या घटनेच्या जेवढ्या आवृत्त्या मिळतील तेवढ्या गोळा करा आणि एका मोठ्या कागदावर मांडा: कुठल्या साली कोण मत देऊ शकत होतं, कोण उभं राहू शकत होतं, अध्यक्षाला काढायचा अधिकार कुणाला होता. तो कागद भिंतीवर लावा. काम संपेपर्यंत तो तिथेच राहू द्या.

अध्यक्षांची यादी शेवटी करा

इतिहास लिहायला घेणारा जवळपास प्रत्येक जण अध्यक्षांच्या यादीपासून सुरुवात करतो. ती मिळते लवकर, फळ्यावर रंगवलेलीच असते. पण मग सगळं लिखाण त्या नावांभोवती फिरायला लागतं. काम कुणी केलं हे शोधायचं राहून जातं.

आमच्याकडे एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एका अध्यक्षाने उपोषण केलं आणि ग्रंथालयाचा वाचनकक्ष रात्री अकरापर्यंत उघडा राहू लागला. उपोषणाचा फोटोही आहे, मांडवात उशीला टेकून बसलेला. मी परिपत्रक शोधलं तर वेळ वाढवल्याची तारीख उपोषणाच्या पाच महिने आधीची निघाली. उपोषण झालं होतं ते लांबलेल्या निकालांसाठी. मग वाचनकक्ष कुणी मिळवला?

ते सापडलं ग्रंथालयाच्या स्वतःच्या फायलीत. मुलींच्या वसतिगृहाच्या प्रतिनिधीने केलेला अर्ज, त्याला जोडलेले रेघा मारलेले दोन फुलस्केप कागद. निळ्या शाईत पाच रकाने: तारीख, वेळ, बसलेले विद्यार्थी, त्यांतल्या मुली, शेरा. त्या वेळी कक्ष रात्री आठला बंद व्हायचा. ही मुलगी सलग एकवीस दिवस पावणेआठला दारापाशी उभी राहून डोकी मोजत होती. शेऱ्यात कुठे ‘जागा नाही, चौघे जिन्यात’, कुठे ‘पाऊस’. एका दिवसाचा आकडा खोडून खाली लिहिलं होतं, ‘पुन्हा मोजले’. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की पहारेकरी नाही. दुसऱ्या वर्षी तिने पाळीने थांबायला तयार असलेल्या विद्यार्थ्यांची सह्यांसह यादी जोडली. तिसऱ्या वर्षी ती अभ्यासक्रम संपवून गेली होती, आणि तिच्या जागी आलेल्या प्रतिनिधीने तेच कागद जोडून तिसरा अर्ज केला. तो मंजूर झाला. संघाच्या एकाही फोटोत ती मुलगी नाही.

तेव्हापासून मी कामांची यादी आधी करते. तुम्हीही दहा-बारा कामं निवडा. वाचनकक्ष, पुनर्मूल्यांकनाचं शुल्क, प्रवासाचा सवलतीचा पास, जुन्या पुस्तकांची देवघेव, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक, आंतरविभागीय नाट्यस्पर्धा, भित्तिपत्रक, रक्तदान, आपत्तीच्या वेळी उभारलेला निधी: जे तुमच्याकडे झालं असेल ते. प्रत्येक कामाला एक कागद आणि त्यावर तेच प्रश्न. मागणी पहिल्यांदा कुणी केली, कुणाकडे, लेखी की तोंडी? उत्तर काय आलं? पाठपुरावा कुणी केला? निर्णय कधी झाला? आणि मिळालेलं टिकलं का? शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. आमच्याकडे लेखनिकांची सोय तीनदा ‘सुरू’ झाली आहे, म्हणजे मधे दोनदा ती गुपचूप बंद पडली.

कागद कुठे सापडतात

संघाच्या कार्यालयात सगळ्यांत कमी. संघ दर वर्षी बदलतो, माणसं निघून जातात, खोली बदलते. कागद टिकतात ते ज्याला उद्देशून लिहिले त्याच्याकडे. प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती होतात. शिक्का मारलेली आपल्याकडे, मूळ प्रत कुलसचिवांच्या, ग्रंथपालांच्या किंवा वसतिगृह अधीक्षकांच्या फायलीत. म्हणून तिथे जाऊन ‘संघाचा इतिहास हवा आहे’ असं सांगू नका, कुणालाच कळत नाही काय काढून द्यायचं. अमुक ते अमुक सालचं आवक रजिस्टर बघायला मागा. त्यात पाठवणाऱ्याच्या रकान्यात ‘सचिव, विद्यार्थी संघ’ शोधत जा आणि समोरचा फायल क्रमांक उतरवून घ्या. मग त्या क्रमांकाची फायल मागा. मला वाचनकक्षाचे कागद असेच मिळाले.

एका कार्यालयात मला सांगितलं गेलं की जुनं सगळं रद्दीत गेलं. कागद नष्ट करताना निर्लेखनाची यादी करावी लागते, ती दाखवा म्हटलं. यादी आली, आणि मला हव्या असलेल्या फायली त्यात नव्हत्याच. दोन आठवड्यांनी त्या माळ्यावर सापडल्या. भांडण न करता नेमका कागद मागितला की लोक मदत करतात, हा माझा अनुभव. अगदीच अडलं तर भारतात २००५चा माहिती अधिकार कायदा आहे, आणि अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

दुसरी मोठी खाण म्हणजे जमाखर्च. लेखापरीक्षणासाठी व्हाउचर जपावी लागतात, त्यामुळे इतिवृत्त हरवलं तरी ती उरतात. ‘कापड १२ मीटर, दोरी, मेणबत्त्या ३००’ एवढ्या एका व्हाउचरवरून मला एक मेणबत्ती मोर्चा सापडला. इतिवृत्तात त्याचं नावही नव्हतं. तारीख हातात आल्यावर त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं चाळली आणि बातमी मिळाली. भारतात निवडणूक झाली असेल तर उमेदवारांचे हिशेबही मागा. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी लागू केल्या. त्यांत उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा आहे आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब सादर करायचा आहे.

विद्यापीठाचा वार्षिक अंकही बघा, पण त्यातल्या संघाच्या अहवालात सगळंच ‘उत्साहात पार पडलं’ असं असतं. तारखांपुरता तो घ्या.

जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, पानांवर क्रमांक पेन्सिलनेच टाका. फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि प्रत्येक फोटोत कोपऱ्यात फायल क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांचे फोटो सगळ्यांत आधी काढून घ्या, त्यांच्यावरचा मजकूर उडून जातो. माझ्यासमोर एका पूर्ण वर्षाचा हिशेब पांढऱ्या चिटोऱ्यांचा ढीग होऊन पडला होता.

इतिवृत्त वाचताना

इतिवृत्त लिहिणारा सचिव त्या वर्षी कुणाच्या बाजूचा होता, हे माहीत असल्याशिवाय ते वाचू नका. ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर’ या वाक्याखाली कधी कधी दोन तासांचं भांडण असतं. सूचक आणि अनुमोदक कोण आहेत बघा. बैठकीच्या सुरुवातीची हजेरी आणि शेवटच्या सह्या जुळवून बघा. मधेच उठून गेलेली माणसं तिथे कळतात. अक्षर बदललं असेल तर थांबा, त्या दिवशी सचिव का नव्हता याला कारण असतं. आणि पानांचे क्रमांक मोजा.

पानं मोजायची का, ते ऑक्सफर्ड युनियनच्या एका प्रसंगातून समजेल. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्या सभागृहाने आपण कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही, असा प्रस्ताव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर केला. देशभर गदारोळ झाला. पुढच्याच आठवड्यात काही विद्यार्थी सभेत घुसले आणि त्यांनी इतिवृत्तातून त्या वादाची नोंद फाडून नेली. नंतर तो ठराव नोंदीतून काढून टाकावा असा रीतसर प्रस्तावही आला. तो ७५० विरुद्ध १३८ मतांनी फेटाळला गेला. मूळ ठरावाला विरोध असलेल्या अनेकांनीही नोंद पुसायला नकार दिला असावा. ज्या संघाला आपल्या नोंदीची एवढी चाड आहे, त्याचा इतिहास लिहिणं सोपं जातं. तुमच्या वहीत पान कमी असेल तर इतिहासात तसं स्पष्ट लिहा: या तारखेचं पान नाही.

माणसांशी बोलताना

आठवणीतल्या तारखांवर विसंबू नका, पण आठवणी मात्र जरूर घ्या. ‘कुठल्या साली?’ असं विचारलं की माणूस अंदाज सांगतो. ‘तेव्हा तुम्ही कुठल्या वर्षाला होता, वसतिगृहात कुठल्या मजल्यावर राहत होता, परीक्षा झाली होती का?’ असं विचारलं की साल आपोआप नेमकं होतं. जाताना फोटो घेऊन जा. फोटोच्या झेरॉक्सवर प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्या आणि नावं मागच्या बाजूला लिहून घ्या. बॅनरवरची अक्षरं, हातातला फलक, मागच्या भिंतीचं बांधकाम यांवरूनही साल ठरतं.

जिंकलेल्यांइतकंच हरलेल्यांशी बोला. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराला त्या वर्षाचे प्रश्न जास्त नेमके आठवतात, असं मला वारंवार दिसलं. संघ सोडून गेलेल्यांकडेही जा. दक्षिण आफ्रिकेत १९२४पासून विद्यार्थ्यांचा एक राष्ट्रीय संघ होता. त्यात आपलं म्हणणं दुसरेच मांडतात म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थी बाहेर पडले आणि १९६९मध्ये त्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. स्टीव्ह बिको तिचे पहिले अध्यक्ष. मूळ संघाचेच कागद वाचून ही कहाणी पुरी होत नाही. मुली कधी आल्या हेही मुद्दाम शोधा. ऑक्सफर्ड युनियनमध्ये स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९६३ साल उजाडलं. आमच्याकडे मुलींना पहिल्यापासून मत होतं, पण पहिल्या बारा वर्षांत बैठका वसतिगृहाचं दार बंद झाल्यानंतर भरत. कागदोपत्री हक्क होता, यायला वाट नव्हती. हे मला एका माजी सदस्येने सांगितलं आणि बैठकांच्या वेळा तपासल्यावर पटलं.

आंदोलनांबद्दल लिहिताना

आंदोलनाचं मूळ कारण नेहमी त्याच्या आधीच्या महिन्यांच्या अर्जांत शोधा. गुजरातचं नवनिर्माण आंदोलन डिसेंबर १९७३मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात मेसचं बिल वाढल्यावरून पेटलं, आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मेसच्या बिलाची गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल, पण घरून मोजकेच पैसे येणाऱ्या मुलाचं शिक्षणच त्या बिलावर टांगलेलं असतं. अर्जेंटिनात कोर्दोबा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९१८मध्ये चळवळ केली आणि विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना जागा मिळवली. तिचे परिणाम लॅटिन अमेरिकेभर दिसले. तुमच्या संघाची मागणी कितीही लहान असो, ती कुणाला आणि किती लागली होती ते लिहा.

हिंसा झाली असेल तर ती झाकू नका, आणि खात्री नसताना कुणाचं नावही घालू नका. आमच्या एका वर्षीच्या हाणामारीबद्दल तीन माणसांनी तीन कहाण्या सांगितल्या. मी तिन्ही शेजारी शेजारी छापल्या आणि सोबत त्या दिवसाचं इतिवृत्त जसंच्या तसं दिलं.

निधीचं प्रकरण थोडक्यात उरकू नका. संघाचा पैसा प्रत्येक विद्यार्थ्याच्या शुल्कातून आपोआप येतो की मागावा लागतो, यावर त्याचा कणा ठरतो. ऑस्ट्रेलियात १ जुलै २००६पासून विद्यार्थी संघाची सक्तीची वर्गणी बंद झाली, आणि अनेक संघांना सेवा आणि कर्मचारी कमी करावे लागले. तुमच्याकडे वर्गणी कधी सुरू झाली, धनादेशावर सही कुणाची चालायची, हे शोधा. आमच्याकडे एका वर्षी दुसरी सही संघाकडून प्रशासनाकडे गेली. त्यानंतरची चार वर्षं वहीत फक्त स्नेहसंमेलन आहे.

या वर्षीचं दप्तर

हे सगळं लिहून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की सर्वांत मोठी पोकळी माझ्याच वर्षाच्या आसपास आहे. माझ्या कार्यकाळाची वही मी शेवटच्या बैठकीनंतर पिशवीत घालून घरी नेली होती. परत द्यायची राहिली, आणि चार वर्षांनी घर बदलताना ती गेली. त्या वहीत बावीस बैठका होत्या. त्याची भरपाई मला आता करता येत नाही. म्हणून आज जे संघात आहेत त्यांना हे कळकळीने सांगते.

संघाचा ईमेल कुणा एकाच्या खासगी मोबाइल क्रमांकाला जोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात झालेला निर्णय त्याच आठवड्यात वहीत उतरवा, फोन बदलला की तो गट गेलाच. निवेदन दिल्यावर पोचीचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. फोटो काढला की त्याच दिवशी तारीख आणि नावं लिहा. वर्षअखेरीला वह्या, पत्रव्यवहार आणि हिशेब यांची एक प्रत ग्रंथालयात जमा करा आणि पावती घ्या.

आणि दप्तर हातात देताना एक पान करा. आम्ही आता ते वहीच्या शेवटी छापूनच घेतलं आहे. डावीकडे सोपवलेल्या वस्तू: वह्या किती, फायली किती, किल्ल्या, शिक्का, पासवर्डचं बंद पाकीट. उजवीकडे ‘अपुरी कामं’ असा रकाना. त्यात कामाचं नाव, शेवटचा अर्ज कुठल्या तारखेचा, तो कुणाकडे आहे आणि पुन्हा कधी विचारायचं. खाली जुन्या आणि नव्या सचिवांच्या सह्या. गेल्या खेपेला त्या रकान्यात सात ओळी होत्या. पहिलीच ओळ लेखनिकांच्या सोयीची होती आणि समोर लिहिलं होतं, ‘चौथा अर्ज दिला, पहिले तीन जोडले आहेत’.